छोट्या दुकानदाराची करनोंदणी



हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेव शिंपी घराण्यातले. कापड बेतावे, शिवावे आणि विकावे, हा त्या घरचा धंदा. अशा गावात आज कापडाचे, किराण्याचे किंवा हळदीच्या खरेदीचे दुकान घालणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो, "मला कराची नोंदणी करावी लागेल का हो?" कुणी सांगतो, दुकान उघडलं की लागतेच. कुणी म्हणतो, त्या भानगडीत पडूच नकोस. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

विक्रीवरचा कर नवा नाही. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, तिथे १९५० साली कायदा झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर, म्हणजे 'व्हॅट' सुरू झाला. १ जुलै २०१७ पासून बहुतेक मालाच्या बाबतीत त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र व्हॅटखालीच राहिली.

नाव बदलले, पण तत्त्व तेच. समजा, दुकानदाराने १,००० रुपयांचे कापड आणले आणि त्यावर शेकडा ५ प्रमाणे ५० रुपये कर दिला. ते कापड त्याने १,२०० रुपयांना विकले आणि गिऱ्हाइकाकडून ६० रुपये कर घेतला. आधी दिलेले ५० वजा जाता सरकारात भरायचे फक्त १० रुपये. मालाची किंमत जेवढी वाढली, तेवढ्या वाढीवरच कर बसला. मात्र ही वजावट नोंदणी केलेल्यालाच मिळते. ज्याची नोंदणी नाही, त्याचे ५० रुपये खरेदीच्या खर्चात जातात, आणि गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक पैसाही घेण्याचा त्याला हक्क नाही.

आता नोंदणी कुणाला सक्तीची? महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. शिलाई, दुरुस्ती अशी सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे. कापडही विकतो आणि गिऱ्हाइकाचे कपडेही शिवून देतो, अशाने दोन्हींची बेरीज करून २० लाखांचीच मर्यादा धरावी. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. रोज अकरा हजारांच्या आसपास गल्ला जमला, की वर्षाचे ४० लाख होतात. करमाफ मालाची विक्रीही या बेरजेत धरतात. पण ज्याच्या दुकानात निव्वळ करमाफ मालच आहे, त्याला नोंदणी नको.

हळदीचे उदाहरण घ्या. स्वतःच्या शेतातली हळद विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीसाठी नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्यांची हळद विकत घेऊन पुढे विकणारा व्यापारी ठरतो. वाळवलेल्या हळदीवर कर आहे. त्याने माल सांगलीला पाठवला, तर ४० लाखांची मर्यादा लागू. तोच माल निजामाबादला पाठवला, तर ते तेलंगण, म्हणजे परराज्य. तिथे पहिल्याच विक्रीआधी नोंदणी हवी. अनेकजण फसतात ते इथेच!

ज्यांची उलाढाल दीड कोटीच्या आत आहे, त्यांच्यासाठी एक सोपी योजना आहे. व्यापाऱ्याने करपात्र विक्रीच्या शेकडा १ एवढा कर तिमाहीला भरावा आणि विवरणपत्र वर्षातून एकदा द्यावे. पण या योजनेत गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही.

नोंदणीचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर करायचा. त्याला सरकारी फी मुळीच नाही. पॅन, आधार, छायाचित्र आणि जागेचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा भाडेकरार, एवढे जवळ ठेवावे. मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा. न केल्यास कमीत कमी दहा हजारांचा दंड होऊ शकतो. मंजुरीनंतर पंधरा अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अंकाक्षरे आपल्या पॅनची. हा क्रमांक दुकानाच्या पाटीवर लिहायचा आणि प्रमाणपत्र दर्शनी लावायचे.

एकदा क्रमांक घेतला, की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र द्यावेच लागते. ते चुकले तर दिवसागणिक विलंबशुल्क चढते. धंदा बंद केला तर नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. दुकानाला नुसते कुलूप लावून भागत नाही.

आणि एक कळकळीचे सांगणे. कर्ज मिळवून देतो, काम लावतो, असे सांगून कुणी पॅन, आधार आणि मोबाइलवर आलेला गुप्त आकडा मागितला, तर देऊ नका. त्यावर तुमच्या नावाने खोटी पेढी उभी राहते, खोटी बिले फाडली जातात आणि नोटीस येते ती तुमच्या दारी. कागद कुणाला दिला, कशासाठी दिला, हे त्याच कागदावर लिहून ठेवायची सवय लावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेकडेवारीचा धडा शिकवताना वर्गात हे कापडाचे उदाहरण जरूर मांडा. मुले घरी जाऊन वडिलांच्या वहीतली बेरीज तपासतील. मर्यादेच्या आत असलेल्याने उगाच भिऊ नये आणि बाहेर गेलेल्याने लपू नये. दोघांनाही उपयोगी पडेल ती रोजच्या विक्रीची वही. आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी तिचे पहिले पान लिहा.