गोंगाटातला तंबोरा : 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हे प्रकरण नेमकं काय आहे?

मराठीत कंपू म्हणजे टोळकं. चार-पाच जण एकत्र येऊन काहीतरी उद्योग करतात, तो कंपू. ग्वाल्हेरला मात्र कंपू हा पत्ता आहे. जयारोग्य रुग्णालय आणि टेकडीवरची मांढरेची माता यांच्या आसपासचा लष्करचा हा भाग. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या, त्यांना कंपू म्हणत. पलटणी गेल्या, वस्तीचं नाव राहिलं.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचं शहर' म्हणून आपल्या यादीत घेतलं. ते कशामुळे, हे कंपूतल्या किंवा लष्करातल्या कुठल्याही मराठी घरात विचारलं तर हद्दू-हस्सू खाँ, शंकर पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूंछवाले ही नावं येतील. १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केलेली संगीतशाळाही निघेल. याच घरातली पुढची पिढी कानात इअरफोन घालून भलतंच काहीतरी ऐकत असते आणि वडीलधारे विचारतात, हा काय गोंगाट? प्रश्न रास्त आहे. अशा गोंगाटाचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे आयर्लंडचा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हा बँड. त्याची चाळीस वर्षांची कहाणी समजून घेतली की हा आवाज तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला वाटतो तितका परका नाही, हे लक्षात येतं.

आधी दोन शब्दांचा उलगडा. १९७६-७७ च्या सुमाराला इंग्लंडात पंकची लाट आली. तीन सूर, दोन मिनिटांचं गाणं, प्रचंड राग. ती ओसरल्यावर काहींना वाटलं की राग ठेवू, पण संगीत जरा वेगळं करून बघू. जॉय डिव्हिजन, पब्लिक इमेज लिमिटेड वगैरे बँड तिथून निघाले, हे पोस्ट-पंक. दुसरा शब्द शूगेझ, म्हणजे बुटांकडे बघत राहणं. गिटारचा आवाज बदलणारी पायाने दाबायची यंत्रं, पेडल्स, स्टेजवर पायाशी मांडलेली असत. वादक मान खाली घालून त्यांच्याकडेच बघत वाजवायचे. प्रेक्षकांकडे बघायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी चेष्टेने हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. नाटकातल्या 'संगीत' नटासारखं हातवारे करून टाळ्या घेणारं हे काम नव्हतंच.

डब्लिनमध्ये केविन शील्ड्स आणि कॉल्म ओ कीसोग ही दोन पोरं कराटेच्या स्पर्धेत भेटली. एकाच्या हातात गिटार, दुसऱ्याकडे ड्रम. १९८३ मध्ये बँड झाला. नाव सुचवलं तेव्हाचा गायक डेव्ह कॉनवे याने, एका कॅनेडियन भयपटावरून. डब्लिनमध्ये काही जमेना म्हणून मंडळी युरोपात गेली, बर्लिनमध्ये राहिली, तिथेच केलेली पहिली छोटी रेकॉर्ड १९८५ मध्ये निघाली. ती आज ऐकली तर फार काही हाती लागत नाही. दुसऱ्यांची नक्कल करणारा आणखी एक बँड, एवढंच. मग लंडन. तिथे डेबी गूज बास गिटार घेऊन आली. १९८७ मध्ये कॉनवे सोडून गेला आणि बिलिंडा बुचर आली. गाणं आता शील्ड्स आणि बुचर दोघांचं झालं.

खरा बदल १९८८ मधला. क्रिएशन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या अॅलन मॅगीने त्यांना हेरलं आणि त्या वर्षी 'इझन्ट एनिथिंग' हा पहिला पूर्ण अल्बम आला. शील्ड्सला एक युक्ती सापडली होती. गिटारला सूर थरथरवण्यासाठी एक लोखंडी दांडी असते. बाकीचे ती मधूनच दाबतात. हा ती हातात धरूनच तारा छेडायचा. त्यामुळे एकही सूर जागेवर थांबत नाही. किंचित खाली घसरतो, परत वर येतो. आपल्याकडे मींड म्हणतात त्याची आठवण व्हावी, फक्त इथे अख्खा स्वरसमूह एकदम डोलतो. त्यावर उलटा प्रतिध्वनी देणारं यंत्र. आवाजाला सुरुवातीचा टोला राहत नाही, लाट येते तसा तो येतो.

आता तंबोऱ्याकडे येऊ. तंबोऱ्याच्या चार तारा राग मांडत नाहीत, ताल देत नाहीत. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की एका तारेतून अनेक वरचे सूर झंकारू लागतात. ही कारागिरी मिरजेची. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारीदार तंबोरा नीट ऐकला तर त्यात न छेडलेला गांधारसुद्धा ऐकू येतो, हे गाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'च्या गिटारींचंही तेच. त्यात कधी बासरी, कधी घुमणारा समूहस्वर वाजतोय असं वाटतं. बऱ्याचदा ती गिटारच असते.

हे साम्य निव्वळ योगायोग नव्हे, पण धागा थेटही नाही. तो न्यूयॉर्कमार्गे जातो. १९५० च्या दशकात अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. ला माँट यंग या तरुण संगीतकाराने ती ऐकली आणि त्यातल्या तंबोऱ्याने तो झपाटला. एकच सूर तासन् तास धरून ठेवणारं संगीत तो करू लागला. पुढे १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ. त्यांचे भाऊबंद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि मिरजेतच दर्ग्याच्या आवारात विसावले. ला माँट यंगच्या मंडळात व्हायोला वाजवणारा जॉन केल नंतर 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडमध्ये गेला आणि तो लांबलचक धरलेला सूर त्याने रॉकमध्ये नेला. त्यांच्या १९६७ च्या रेकॉर्डवर पुढे दोन पिढ्यांचे गिटारवाले पोसले. १९८५ मध्ये 'जीझस अँड मेरी चेन' या स्कॉटिश बँडने कर्कश आवाजाखाली गोड चाल दडवली, शील्ड्सने पुढची पायरी गाठली.

शब्द ऐकू येत नाहीत, ही दुसरी तक्रार. शील्ड्स आणि बुचर यांचा आवाज मुद्दाम गिटारीइतकाच, कधी त्याहूनही हळू ठेवलेला असतो. बुचरचं बरंचसं गाणं तर पहाटे झोपेतून उठवून ध्वनिमुद्रित केलेलं. ज्या शहरात कृष्णराव पंडितांचा तराणा ऐकायला लोक बसत, त्या शहराला शब्दाचा अर्थ नसलेलं गाणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फरक आहे तो मोठा. ग्वाल्हेरच्या गायकीत बोल स्वच्छ, आकार मोकळा, गाणारा समोर आणि तंबोरा मागे. इथे तंबोराच पुढे येऊन बसलाय आणि गाणारा त्याच्या आड गेलाय.

१९८९ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं. कंपनीला वाटलं, पाच दिवसांत होईल. अडीच वर्षं लागली. एकूण १९ स्टुडिओ पालथे घातले. शील्ड्सला एकेका सुरासाठी महिने लागत. ओ कीसोग आजारी, म्हणून त्याच्या ड्रमचे तुकडे घेऊन ते जुळवले. बासही बहुतेक शील्ड्सनेच वाजवला. अडीच लाख पौंड खर्च झाले आणि क्रिएशन बुडायची वेळ आली, ही कथा गाजली. आकडा फुगवलेला आहे, असं शील्ड्स सांगत आला. आकडा काहीही असो, छोट्या कंपनीचा जीव टांगणीला लागला होता हे खरं. नोव्हेंबर १९९१ मध्ये 'लव्हलेस' बाजारात आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विक्री बेताची. मॅगीने बँडला निरोप दिला.

त्यानंतरची वर्षं वाईट आहेत. १९९२ मध्ये आयलंड या बड्या कंपनीशी करार झाला, त्या पैशातून लंडनमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधला. स्टुडिओ धड चालेना, अल्बम होईना. ध्वनिमुद्रणं झाली आणि शील्ड्सने बाजूला टाकली. १९९५ मध्ये ओ कीसोग आणि गूज गेले, १९९७ मध्ये बुचर. बाहेर जगही बदललं होतं. अमेरिकेतून 'निर्वाणा', इंग्लंडात 'ओॲसिस', आणि ओॲसिसला आणणारी कंपनी तीच, क्रिएशन. 'स्लोडाइव्ह' या दुसऱ्या शूगेझ बँडलाही तिने १९९५ मध्ये काढून टाकलं. बुटांकडे बघणाऱ्यांचा काळ संपला, असं सगळे धरून चालले.

संपला नव्हता. 'लव्हलेस' हातोहाती फिरत राहिला. २००८ मध्ये चौघं पुन्हा स्टेजवर आले. शेवटच्या गाण्यात मध्येच एकच आघात वीस-वीस मिनिटं चालवायचा, हा त्यांचा जुना रिवाज त्यांनी परत सुरू केला. आवाज एवढा की दारात प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे वाटावे लागले. ही गंमत म्हणून सांगितली जाते, पण शील्ड्सच्या स्वतःच्या कानात सतत आवाज घुमत राहण्याचा विकार आहे. एवढ्या आवाजाची किंमत कानाने मोजावी लागते आणि ती परत मिळत नाही. तिसरा अल्बम २ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांनी स्वतःच्याच संकेतस्थळावर टाकला. 'लव्हलेस'नंतर २१ वर्षांनी. गर्दीने संकेतस्थळ कोसळलं.

ज्यांना ऐकून बघायचंय त्यांनी 'लव्हलेस'मधलं 'समटाइम्स' आधी लावावं. त्यात ड्रम जवळजवळ नाहीत, गिटारचा घोष आणि खाली साधी चाल. मग 'टू हिअर नोज व्हेन'. हे ऐकताना टेप खराब झाली की काय असं वाटेल, झालेली नाही. 'सून' शेवटी. मोबाइलवर आवाज अर्ध्यावर ठेवावा, बारीक सूर तसेच नीट कळतात. आणि घरात तंबोरा असेल, अगदी मोबाइलमधला का असेना, तर तो आधी पाच मिनिटं नुसता लावून ऐकावा.