जुनी डिस्क आधी काढू नका

लिनक्सवर बीटीआरएफएस वापरणाऱ्यांची एखादी हार्ड डिस्क एरर देऊ लागली की पहिला हात तिच्या केबलकडे जातो. समज असा, की आधी जुनी बाहेर, मग नवी आत. रेड-1 मध्ये सगळ्याच्या दोन प्रती असतात, मग एक काढली तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. जुनी काढल्यापासून नवी पूर्ण भरेपर्यंत काही डेटाची एकच प्रत उरते. ती ज्या डिस्कवर आहे, तीही बहुधा जुनीच्याच बरोबर घेतलेली, तितकीच राबलेली. तिथला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती फाइल गेली. आजारी डिस्कवरचा बराचसा भाग मात्र अजून नीट वाचता येत असतो. म्हणून जागा असेल तर नवी डिस्क जुनीच्या जोडीला लावा आणि ‘बीटीआरएफएस रिप्लेस’ चालवा. 2013 च्या लिनक्स 3.8 पासून ही सोय आहे. जुनीवरच्या ब्लॉकचा चेकसम जुळला नाही, तर तो दुसऱ्या प्रतीतून घेतला जातो. जुनी फारच रखडत असेल तर ‘आर’ हा पर्याय द्या. मग दुसरी चांगली प्रत नसेल तिथेच तिला वाचलं जातं.

यासाठी फाइलसिस्टिम बंद ठेवावी लागते, हाही गैरसमजच. उलट ती माउंट असल्याशिवाय रिप्लेस सुरूच होत नाही. काम चालू असताना फाइली उघडा, लिहा. मध्येच वीज गेली, तर पुन्हा माउंट केल्यावर ते पुढे चालू होतं. रिकामी जागा कॉपी होत नाही, वापरलेलीच होते. तरी 4 टीबी डेटाला सेकंदाला 150 एमबी या वेगाने साडेसात तासांच्या आसपास लागतात. घाई करू नका.

मोठी डिस्क लावली की जागा आपोआप वाढत नाही. ‘रिसाइझ’ वेगळं द्यावं लागतं, आणि दोनच डिस्कच्या रेड-1 मध्ये वापरता येणारी जागा लहान डिस्कएवढीच राहते. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान मात्र चालत नाही.

जुनी पूर्ण मेलीच असेल तर ‘डिग्रेडेड’ माउंट करून तिचा डिव्हाइस क्रमांक देऊन रिप्लेस करता येतं. पण दोन डिस्कच्या मांडणीत त्या काळात लिहिलेला डेटा एकेरी राहू शकतो. रिप्लेस संपलं म्हणजे सगळं दुहेरी झालं, असं इथे धरून चालू नका. ‘फाइलसिस्टिम डीएफ’मध्ये ‘सिंगल’ डेटा दिसला, तर बॅलन्स चालवून तो रेड-1 मध्ये बदलून घ्या, मग स्क्रब करा.

आणि ‘एसडीबी’ म्हणजे कायम तीच डिस्क, हे मनातून काढून टाका. रीबूटनंतर ही नावं बदलू शकतात. स्क्रू काढण्याआधी ‘स्मार्टसीटीएल’मध्ये दिसणारा सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहा.