मंगळवारचा वक्ता, रविवारचं काम

तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबचं महिन्याचं पत्रक साधारण एका पानात आटोपतं. वरच्या अर्ध्या भागात साप्ताहिक सभा आणि त्यांचे पाहुणे वक्ते असतात: मधुमेहावर बोलणारे डॉक्टर, सायबर फसवणुकीवर पोलीस निरीक्षक, मृत्युपत्र कसं करावं हे सांगणारे वकील, मध्येच एखादा गिर्यारोहक. खालच्या अर्ध्या भागात कामं असतात: जिल्हा परिषदेच्या शाळेत दंततपासणी, रक्तदान शिबिर, नदीघाटाची सफाई, आणि प्रत्येक कामापुढे कोणाला फोन करायचा त्याचं नाव. गावातले लोक या मंडळींना हसतात. हॉटेलात जेवून समाजसेवा करणारे, असं म्हणतात. वृक्षारोपणाच्या फोटोत रोपं तीन आणि माणसं तेवीस, असंही म्हणतात. दोन्ही टोमण्यांत तथ्य आहे. तरीही त्या पानाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना कसा धरून असतो हे बघण्यासारखं आहे, कारण ही संस्था सव्वाशे वर्षांच्या घरात पोचली ती त्या जोडणीवर.

सुरुवात शिकागोत झाली, २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी. पॉल हॅरिस हा वकील, गुस्ताव्हस लोअर हा खाण अभियंता, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपी, असे चौघे लोअरच्या कचेरीत जमले. युनिटी बिल्डिंग, खोली क्रमांक ७११. हॅरिस व्हर्मांटमधल्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढलेला. एवढ्या मोठ्या शहरात ओळखी पुष्कळ आणि मैत्र कुठेच नाही, ही त्याची खंत. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या आणि त्या पाळीवरून क्लबला रोटरी म्हणू लागले. समाजसेवेचा तेव्हा पत्ताही नव्हता. मैत्री करायची आणि एकमेकांना धंदा मिळवून द्यायचा, असा उघड मामला होता. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा हा नियम तिथूनच आला. दोन शिंपी घेतले तर कापड कोणाकडे शिवायला टाकायचं यावरून भांडणं होणार!

पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं तेही फोटोला शोभणारं नव्हतं. १९०७ च्या सुमारास शिकागो क्लबने शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून पुढाकार घेतला. विरोध कोणी केला हे वाचलं की मौज वाटते. पुरुषांची अडचण असेल तर आमचे गुत्ते आहेत, असं दारूवाल्यांचं म्हणणं. बायकांसाठी आमची दालनं आहेत, असं मोठ्या दुकानदारांचं. नड असलेला माणूस आत आला की थोडीफार खरेदी करूनच बाहेर पडतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. स्वच्छतागृह शेवटी झालं. व्यापाऱ्यांच्या क्लबने व्यापाऱ्यांच्याच हिताविरुद्ध केलेलं ते काम मला पुढच्या अनेक भव्य प्रकल्पांपेक्षा जास्त आवडतं.

भारतातला पहिला क्लब १९१९ साली कलकत्त्यात निघाला, मुंबईचा १९२९ साली. व्याख्यान ऐकायची सवय मात्र महाराष्ट्राला रोटरीने लावलेली नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्येच सुरू केली होती. दोन्हीकडच्या श्रोत्यांत एक फरक आहे. व्याख्यानमालेचा श्रोता वक्ता बघून येतो. क्लबचा श्रोता मंगळवार आहे म्हणून येतो. त्यामुळे औषध दुकानदाराला भूजलाचं ऐकावं लागतं आणि बिल्डरला स्तनपानाचं. आपण होऊन कधी ऐकलं नसतं ते कानावर पडतं, हा या सभेचा खरा लाभ.

सभेचं तंत्र जवळजवळ जगभर सारखं आहे. अध्यक्ष घंटा वाजवतात. चार प्रश्नांची कसोटी म्हणतात. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थाने १९३२ साली शिकागोतली एक बुडायला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना ती आपल्या कामगारांसाठी लिहिली होती आणि पुढे रोटरीने ती उचलली. आपण बोलतो-करतो ते खरं आहे का, सर्वांना न्याय देणारं आहे का, अशा धर्तीचे ते प्रश्न. मग वाढदिवस, मग सचिवांच्या घोषणा, मग वक्ता. सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा एक पदाधिकारी असतो. बिल्ला विसरलेल्याकडून, मध्येच फोन वाजलेल्याकडून किंवा नवी गाडी घेतलेल्याकडून दंड वसूल करणं हे त्याचं काम, आणि हा दंड हसत भरायचा असतो. आपल्या क्लबची सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढायची पद्धतही जुनी आहे. नाशिकचा माणूस कामानिमित्त कोल्हापुरात असला तर संध्याकाळी तिथल्या क्लबात जाऊन बसे, आणि आल्याची खूण म्हणून दोन्ही क्लबांच्या छोट्या पताकांची अदलाबदल होई. २०१६ मध्ये नियम सैल झाले. आता महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतं. जुन्या सभासदांना हे रुचलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसांकडून जेवढं काम होतं तेवढं पंधरवड्याने भेटणाऱ्यांकडून होत नाही.

वक्त्याला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. मानधन बहुधा नसतंच. गुलाबपुष्प, शाल किंवा स्मृतिचिन्ह आणि सभेनंतरचं जेवण. त्यामुळे वक्ते शोधणारा सभासद क्लबातला सगळ्यात चिवट माणूस असावा लागतो. सोपी वाट म्हणजे प्रेरणादायी वक्ता बोलवायचा. तो तास रंगतो, टाळ्या पडतात आणि बुधवारी सकाळी काहीच उरत नाही. माझ्या मते पत्रकावरचं सर्वांत मोलाचं नाव आशा सेविकेचं किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेचं असतं. तिला भाषण करता येत नसेल, पण कोणत्या वस्तीत गरोदर बायका तपासणीला येत नाहीत आणि का येत नाहीत हे तिला माहीत असतं. ती बसल्यावर कोणीतरी विचारतो, आम्ही काय करू शकतो? तिथून पत्रकाचा खालचा अर्धा भाग सुरू होतो.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. महाराष्ट्रात या तारखेला आणखी तीन दिवस येऊन मिळतात: डॉक्टर्स डे, सनदी लेखापालांच्या संस्थेचा स्थापनादिन आणि वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषिदिन. नव्या अध्यक्षाला पहिल्या आठवड्याचे पाहुणे शोधावे लागत नाहीत. डॉक्टरांचा सत्कार, सीएंचा सत्कार, एका प्रगतिशील शेतकऱ्याचा सत्कार आणि पावसाच्या भरवशावर वृक्षारोपण. वारीच्या वाटेवरचे क्लब याच सुमाराला वारकऱ्यांसाठी औषधपाण्याची सोय करतात. पुढचे महिने मध्यवर्ती संघटनेने विषयांना वाटून दिलेले असतात: सप्टेंबर शिक्षण आणि साक्षरतेचा, डिसेंबर रोगप्रतिबंधाचा, मार्च पाणी आणि स्वच्छतेचा. चांगला सचिव ही वाटणी आपल्या गावाच्या गरजेनुसार खुशाल वाकवतो.

ही वाकवण्याची अक्कल रक्तदान शिबिराच्या तारखेत दिसते. सगळ्या संस्थांना शिबिरासाठी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हवा असतो. त्या दिवशी रक्तपेढीकडे पिशव्यांचा ढीग लागतो. पण तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने थांबावं लागतं. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, उन्हाचा कडाका. रक्ताचा तुटवडा नेमका तेव्हाच पडतो. मे महिन्यातलं शिबिर भरवायला अवघड. मंडपात पंखे लावावे लागतात, सकाळी दहाच्या आत उरकावं लागतं, आणि ऐंशी जणांना फोन केले तर तीस येतात. रक्तपेढीच्या डॉक्टरला फेब्रुवारीत वक्ता म्हणून बोलावलेल्या क्लबला हे गणित कळलेलं असतं. डोळ्यांच्या शिबिराचंही तसंच. हल्ली गावात नुसती तपासणी होते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रुग्णालयात. म्हणजे स्वयंसेवकाचं काम बॅनर बांधण्याचं कमी आणि गाडीचं जास्त: आजींना नेणं, आणणं, आणि महिन्याने पुन्हा दाखवायला नेणं. या तिसऱ्या फेरीला गाडी कोण देणार ते पत्रकात लिहिलेलं असेल तर तो क्लब जाणता समजावा.

वक्ता, सभासद आणि काम यांचा मेळ किती मोठा होऊ शकतो हे पोलिओने दाखवलं. १९७८-७९ मध्ये क्लेम रेनूफ हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ जागतिक अध्यक्ष होते. देवीच्या निर्मूलनाबद्दल वाचून त्यांच्या मनात आलं, असा एखादा रोग आपणही घ्यावा. कोणता घ्यावा हे त्यांनी जॉन सेव्हर या रोटेरियनलाच विचारलं, कारण सेव्हर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संसर्गजन्य रोगांचे संशोधक होते. उत्तर आलं, पोलिओ. एका धंद्यातला एक माणूस या जुन्या स्वार्थी नियमाचा असा उपयोग होईल हे शिकागोच्या त्या चौघांच्या स्वप्नातही नसेल. १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांच्या लसीकरणापासून सुरुवात झाली. १९८५ मध्ये पोलिओप्लस ही मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. तेव्हा १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुलं त्याला बळी पडत होती.

भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. 'दो बूंद' आपल्या सगळ्यांना आठवतात, पण बूथवरचा दिवस कसा जातो ते कमी जणांना ठाऊक असतं. लस थंड ठेवायला बर्फाच्या पेटीजवळ एक माणूस, नोंदीला एक, आणि डोस दिल्यावर मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायला एक. ती खूण नसलेली मुलं पुढचे दिवस घरोघर फिरून शोधायची. लस देण्याचं काम सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि अंगणवाडी सेविकांनी केलं, श्रेय पहिलं त्यांचं. क्लबच्या लोकांनी माणसं जमवली, बूथवर चहा-नाश्ता पोचवला, टोप्या-फलक छापले, आणि उत्तर प्रदेशात लसीबद्दल संशय पसरला तेव्हा मौलवींची समिती उभी करून घराघरांची दारं उघडून घेतली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. त्याच वर्षी १ जुलैला वापीचे उद्योजक कल्याण बॅनर्जी जागतिक अध्यक्ष झाले. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर केला. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात तो अजून गेलेला नाही, म्हणून २४ ऑक्टोबरच्या पोलिओ दिनाचा वक्ता आजही पत्रकावर असतो.

बायकांच्या बाबतीत मात्र ही संस्था फार काळ मागे राहिली. कॅलिफोर्नियातल्या ड्वार्टे गावच्या क्लबने १९७७ मध्ये तीन बायकांना सभासद करून घेतलं, तर वरून त्या क्लबची सनदच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ मे १९८७ रोजी निकाल ड्वार्टेच्या बाजूने लागला. जगभरचा नियम १९८९ मध्ये बदलला. पहिली महिला जागतिक अध्यक्ष, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, यायला २०२२ उजाडलं. इकडे रोटेरियनांच्या घरच्या स्त्रिया इनरव्हील या वेगळ्या संस्थेत काम करत राहिल्या. रोटरीच्या सभेत त्यांना कौतुकाने 'ॲन' म्हणतात, आणि स्वतः डॉक्टर किंवा वकील असलेल्या बाईलाही नवऱ्याच्या क्लबात तेवढीच ओळख मिळते. वक्ता म्हणून बोलावलेल्या बाईची ओळख करून देताना तिच्या कामाआधी तिच्या नवऱ्याचं नाव घेणारे सूत्रसंचालक अजून आहेत.

दुसरा दोष घडणीतलाच आहे. अध्यक्ष एका वर्षाचा, सचिव एका वर्षाचा, अनेक क्लबांवरचा प्रांतपालही एका वर्षाचा. यामुळे खुर्चीला चिकटणारा कोणी उरत नाही आणि गावातल्या चाळीस जणांना कधी ना कधी सूत्रं हातात घ्यावी लागतात. इतर मंडळांत एकाच घराण्याचं राज्य बघितलेल्यांना याचं मोल कळेल. पण प्रत्येक नव्या अध्यक्षाला आपल्या नावाचा प्रकल्प हवा असतो. शाळेत बसवलेल्या जलशुद्धीकरण यंत्राचा फिल्टर वर्षाने बदलावा लागतो आणि तोवर ज्यांनी फीत कापली ते माजी अध्यक्ष झालेले असतात. नवे अध्यक्ष दुसऱ्या शाळेत दुसरं यंत्र बसवतात. परदेशी क्लबच्या भागीदारीत मिळणाऱ्या जागतिक अनुदानाला किमान तीस हजार डॉलरचा प्रकल्प लागतो. त्यात डायलिसिसची यंत्रं येतात, पण तंत्रज्ञाचा पगार पुढे कोण देणार हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही. वक्ता आणि काम यांच्या जोडणीचा सांधा इथे सैल आहे.

काही क्लबांनी यावर साधा तोडगा काढला आहे. अध्यक्ष बदलला तरी प्रकल्पप्रमुख तीन वर्षं तोच ठेवायचा, आणि वर्षातली एक सभा वक्त्याविना घ्यायची. त्या मंगळवारी मागच्या तीन वर्षांच्या कामांची यादी वाचली जाते: कुठलं यंत्र चालू आहे, किती रोपं जगली, चष्मे दिलेल्या मुलांपैकी किती जण ते अजून लावतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनाच बोलावून त्यांच्याकडून ऐकतात. या सभेला हजेरी कमी असते आणि जेवणही साधंच ठेवतात. तिथून निघालेली दुरुस्तीची कामं जूनच्या पत्रकात छापली जातात, म्हणजे जुलैत येणाऱ्या अध्यक्षाला नवा फलक रंगवायला देण्याआधी ती वाचावी लागतात.