बोटीची सहल की जंगलातली भटकंती? मुंबईतला एक दिवस असा ठरवा

सुट्टीत इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरूहून मुंबईच्या नातेवाइकांकडे आलात की हमखास एक दिवस मोकळा मिळतो. मुलांना बोटीत बसायचं असतं, नवरोबांना जंगलात फिरायचं असतं, सासूबाई म्हणतात, ‘‘माझं काय, तुम्ही ठरवाल तिथे येईन.’’ सकाळचे १० वाजले तरी ठरत नाही आणि शेवटी सगळे मॉलमध्ये जाऊन परत येतात. असं होऊ द्यायचं नसेल तर निर्णय आदल्या रात्रीच घ्या.

मुंबईत एका दिवसात होण्यासारखे दोन उत्तम पर्याय आहेत. एक, गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने घारापुरी म्हणजे एलिफंटा. दुसरा, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. दोन्हीकडे लेणी आहेत, हिरवळ आहे, माकडंही आहेत. दोन्ही सोमवारी बंद असतात. मग निवड कशी करायची?

परत फिरता येईल का?

हा प्रश्न सर्वात आधी विचारा. उद्यानात मूल कंटाळलं, कुणाचे गुडघे दुखू लागले, ऊन वाढलं तर तुम्ही मागे फिरू शकता. बोटीचं तसं नाही. गेटवे ते घारापुरी हे सुमारे १० किलोमीटरचं अंतर कापायला जवळपास एक तास लागतो आणि परतायलाही तेवढाच. मध्ये उतरता येत नाही. म्हणून घरातला सर्वात तरतरीत माणूस काय म्हणतो यावर नाही, तर सर्वात आधी कोण थकेल यावर निवड करा. ‘कुठेही चालेल’ म्हणणाऱ्या आजींना एकदा बाजूला घेऊन स्पष्ट विचारा, पायऱ्या चढवतील का? बोट लागते का? बाथरूमला वारंवार जावं लागतं का? चारचौघांत त्या हे सांगणार नाहीत.

बोटीची निवड करत असाल तर

समुद्राचा वारा, मागे लहान होत जाणारा गेटवे, उभी असलेली मोठमोठी जहाजं यात मुलांचा तास कसा जातो ते कळत नाही. थोडे जास्तीचे पैसे देऊन बोटीच्या वरच्या मजल्यावर बसता येतं. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, पण त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी पैसे देऊन डोली मिळते. वर पोहोचल्यावर शिवाची सुमारे २० फूट उंचीची त्रिमुखी मूर्ती पाहताना थकवा विसरायला होतो. ही लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी तिथल्या दगडी हत्तीवरून दिलं. तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे, हे मुलांना जरूर सांगा.

सुरक्षिततेत मात्र भिडस्तपणा नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं केलं गेलं. तरीही उकडतं म्हणून ते काढून ठेवणारे दिसतात. तुम्ही तसं करू नका.

* जॅकेट मुलाच्या मापाचं आहे ना, पट्टे बांधलेत ना हे बोट सुटण्याआधी पाहा. मापाचं नसेल तर मागून घ्या.
* बोट खचाखच भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जा.
* चढताना कधीकधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. आजी-आजोबांना दोघांनी हात द्या, साडीऐवजी सलवार-कमीज सोयीचा.
* बोट लागत असेल तर आदल्या दिवशी जागरण नको, सकाळी हलकं खा, आलेपाक जवळ ठेवा, बोटीच्या मध्यभागी बसा आणि मोबाइलमध्ये न बघता दूर क्षितिजाकडे बघा. मुलांना औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.
* परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते उतरतानाच विचारून ठेवा.

जंगलाची निवड करत असाल तर

तान्हं बाळ, गुडघेदुखी किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल तर उद्यान बरं. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला प्रवेशद्वारापर्यंत चालत किंवा रिक्षाने जाता येतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल महानगराच्या हद्दीत आहे आणि त्यात बिबटे मोकळे राहतात. तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे तलावही याच जंगलात आहेत.

कान्हेरी लेणी प्रवेशद्वारापासून ६-७ किलोमीटर आत आहेत. बस किंवा भाड्याची सायकल मिळते. शंभराहून जास्त बौद्ध लेणी असलेल्या या डोंगरात पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या पोढी आणि पन्हळी मुलांना दाखवा. शाळेत शिकलेलं ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ इथे शेकडो वर्षांपूर्वीचं दिसेल. लेण्यांतही चढ आहे, पण झेपेल तिथपर्यंतच जायची मुभा असते. सफारी आणि मुलांची छोटी गाडी त्या दिवशी सुरू आहे का ते मात्र आधी विचारा, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही.

* सकाळी लवकर पोहोचा, अंधार पडण्याआधी बाहेर या.
* पायवाटेवर मुलांना मागे रेंगाळू देऊ नका, घोळक्याच्या मध्ये ठेवा.
* माकडांना खाऊ देऊ नका, पिशव्या बंद ठेवा. घारापुरीलाही हेच करा.

ऋतू पाहा

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बोटी ऐनवेळी रद्द होतात. त्याच दिवसांत उद्यान हिरवंगार असतं. मात्र ओढ्यात किंवा धबधब्याखाली उतरू नका, पाणी अचानक वाढतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही ठिकाणं छान. मे महिन्यात कुठेही गेलात तरी सकाळची वेळच धरा.

आणि आईची सुट्टी?

सहल म्हणजे पहाटे ४ वाजता उठून पुऱ्या लाटणं असं समीकरण बऱ्याच घरांत असतं. हे बदला. आजोबांनी तिकिटं बघावी, बाबांनी सँडविच करावं, मोठ्या मुलीने पाण्याच्या बाटल्या भराव्या. एका दिवसात दोन्ही ठिकाणं उरकायचा हट्टही नको. जे राहील ते पुढच्या सुट्टीसाठी ठेवा, आणि तेव्हा निवडीचा पहिला हक्क यंदा मन मारणाऱ्याला द्या.