दंगा सुरू होण्यापूर्वीचे पाच मिनिटे

धामणगाव रेल्वेसारख्या गावातल्या कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये ‘वांड पोरगं’ हा विषय निघाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: छडी तर गेली, आता करायचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू आहे. शिक्षकांची ही अडचण खरी आहे. पण प्रश्न उशिरा सुरू होतो. दंगा झाल्यावर काय करावे, एवढेच तो विचारतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन हेही तिथूनच निघाले. व्याख्यानात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी खडसावले आणि बाकीचेही सावरून बसले. रागावण्याची नेमकी कोणती रीत लागू पडते, हे शोधण्यात त्यांनी पुढे बरीच वर्षे घालवली. वर्गांचे चित्रण करून तपासले. १९७० साली पुस्तकरूपाने आलेला निष्कर्ष त्यांनाही अनपेक्षित होता: शिस्तीचे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतल्या शिक्षकांच्या रागावण्यात म्हणावा असा फरक नव्हताच. फरक होता तो आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाच्या पाठीलाही डोळे आहेत असे मुलांना वाटत होते, आणि त्याच्या तासाला मध्येच रिकामी जागा पडत नव्हती.

ही रिकामी जागा आपल्याही ओळखीची आहे. गुरुजी पाठ फिरवून अख्खा फळा भरतात, किंवा चाळीस वह्या एकेक नाव पुकारून वाटतात. तेवढी पाच मिनिटे मागच्या बाकाला पुरतात.

वऱ्हाडात यात आणखी एक गोष्ट मिसळते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि काही मुले वर्गातून दिसेनाशी होतात. परततात तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. अशी दोन-चार वर्षे गेली, की सातवी-आठवीतल्या मुलाला परिच्छेद सलग वाचता येत नाही. त्याला वाचायला उभे केले, की तो विनोद करतो, शेजाऱ्याला ढकलतो. वर्ग हसतो, गुरुजी त्याला बाहेर काढतात. गुरुजींच्या दृष्टीने ही शिक्षा झाली. मुलाच्या दृष्टीने सुटका, कारण वाचणे टळले. पुढच्या वेळी तो तेच करणार. वर्तनाचा अभ्यास करणारे म्हणूनच आधी विचारतात, की या वागण्यातून मुलाला मिळते काय?

उत्तर सापडले, तर उपाय साधा असतो, सोपा नसतो. उद्या वाचायच्या चार ओळी आजच त्याच्याकडून एकट्यात वाचून घ्यायच्या, आणि मगच वर्गात उभे करायचे. विनोदाकडे लक्ष देणे थांबवले, तर आधी काही दिवस तो वाढतो, कारण मूल जुनी युक्ती जोर लावून पाहते. नेमके तेव्हाच शिक्षक कंटाळतात. मारामारी, दुसऱ्याला इजा यांना अर्थातच हे दुर्लक्ष लागू नाही. तिथे लगेच थांबवावेच लागते. शिवाय फळा न दिसणारे, नीट ऐकू न येणारे मूलही ‘लक्षच देत नाही’ या सदरात जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा पहिले नाव या मुलांचे द्यावे.

लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला पोचल्या. तिथली वारली मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. त्यांना उनाड ठरवणे अगदी सोपे होते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे चरत होती तिथेच वर्ग भरवला आणि त्याला ‘कुरणशाळा’ म्हटले. वेचणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर असा तासभराचा वर्ग धामणगाव तालुक्यातही बसू शकतो.