शेजाऱ्याच्या मांजरीला कुत्रा चावला, तर भरपाई कोणी द्यायची?

समजा, जिन्यात कुत्र्याचा पट्टा सुटला आणि त्याने शेजाऱ्यांची मांजर फाडली. डॉक्टरांचे बिल हजारोंत गेले. मग भांडण सुरू होते, "मुसलमानाच्या घरात कुत्रा हवाच कशाला?" आमच्या मते हा प्रश्न इथे गैरलागू आहे. विचारायचे ते एवढेच : मालकाला धोका माहीत होता का, आणि त्याने काळजी घेतली का?

कायदा काय सांगतो?

पाळलेली मांजर कायद्याच्या नजरेत मालकाची मालमत्ता आहे. कुत्रा मोकळा सोडण्याच्या हलगर्जीपणामुळे ती जखमी झाली, तर उपचारांचा खर्च दिवाणी दाव्यातून मागता येतो. कुत्रा याआधीही अंगावर गेला होता, तक्रारी झाल्या होत्या, हे दाखवता आले तर बाजू भक्कम होते. उलट, मांजरच कुत्र्याच्या घरात शिरली असेल तर दावा कमकुवत होतो.

पोलिसांत जायचे का? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 291 निष्काळजीपणे जनावर ठेवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगते. पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्यासाठी आहे. कलम 325 जनावराला ठार किंवा जायबंदी करण्याबद्दल आहे. मात्र त्यासाठी हेतू किंवा परिणामाची जाणीव सिद्ध व्हावी लागते. मुद्दाम कुत्रा अंगावर सोडला, तर गोष्ट वेगळी. नुसता पट्टा सुटला, तर मामला बहुतेक भरपाईचाच राहतो.

शरियतची भूमिका

बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार मुक्या जनावराने केलेल्या इजेची जबाबदारी मुळात कोणावर येत नाही. पण ही सूट बेफिकीर मालकासाठी नाही. एका उंटिणीने बागेत शिरून नासधूस केली, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी निवाडा दिला : दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी, रात्री जनावराने केलेले नुकसान जनावराच्या मालकाने भरावे. म्हणजे ज्याची राखण करण्याची वेळ, त्याची जबाबदारी. याच धर्तीवर फुकहांनी म्हटले आहे की कुत्रा चावरा आहे हे ठाऊक असूनही, ताकीद मिळूनही जो त्याला मोकळा सोडतो, त्याच्यावर भरपाई येते.

आता करायचे काय?

सर्वांत आधी मांजरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, ते विचारा. घाबरलेली मांजर ओरबाडते, चावते. तसे झाले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठा. जखमेचे फोटो, बिले, सीसीटीव्हीचे चित्रण आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवा. सोसायटीला लेखी कळवा. तरीही ऐकले नाही तर वकिलामार्फत नोटीस द्या, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करा.

कुत्रा पाळणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. महापालिकेचा परवाना, लस आणि बाहेर पडताना पट्टा चुकवू नका. आणि चूक झालीच, तर नोटिशीची वाट कशाला बघायची? संध्याकाळी शेजाऱ्याचे दार वाजवा, मांजरीची विचारपूस करा आणि बिल मागून घ्या. शेजाऱ्याचा हक्क याहून वेगळा तो काय!