पासबुकातली नोकरी

तुमसरच्या एका खोलीत कामावरून कमी केलेला माणूस येतो, तो काम मागायला. समोर बसलेले युनियनचे एक जुने कार्यकर्ते, सगळ्यांचे भाऊ, कामाबद्दल काहीच बोलत नाहीत. ‘‘पिशवीतले सगळे कागद टेबलावर टाक,’’ म्हणतात.

चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींतलं मँगनीज जवळ, म्हणून या भागात फेरोमँगनीजच्या भट्ट्या आल्या. ‘युनिव्हर्सल फेरो’ हा कारखाना बंद पडला, तरी त्याचं नाव अजून निघतं. भट्टीवर राबलेले हात मात्र इथेच आहेत.

पहिला माणूस कायम नोकरीतला. सेवा 18 वर्षं 7 महिने, मूळ वेतन अन् महागाई भत्ता मिळून 13,000. मालकाने 1,42,500 रुपये देऊन ‘फुल अँड फायनल’वर सही घेतलेली. भाऊंनी पेन्सिल घेतली. 13,000 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 7,500. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरायचं, म्हणून 19. आकडा बरोबर. ‘‘ही तर ग्रॅच्युइटी झाली. भरपाई कुठाय?’’ ती वेगळी असते, सेवेच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार. इथे 30 ने भागायचं, 26 ने नाही. 6,500 गुणिले 19, म्हणजे 1,23,500. शिवाय महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार. माणूस बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. एक रक्कम देऊन दोन्ही हिशेब मिटवायचे, हे अज्ञानातून होत असेल असं मला वाटत नाही. लहान मालकही भाऊंकडे येतात म्हणा, शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचं का, हे विचारायला. त्यांनाही ते सांगतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक गोष्ट आहे: कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. शिवाय वर्षभरात नवा माणूस घ्यायचा झाला, तर आधी कमी केलेल्याला विचारायचं. भाऊ हे सांगतात आणि लगेच अर्ज लिहायला घेतात. न मागता काही मिळेल, यावर त्यांचा विश्वास नाही.

दुसऱ्याचं प्रकरण अवघड, ठेक्यावरचं. ‘‘माणूस तोच, भट्टी तीच, ठेकेदार तेवढा बदलत गेला जी,’’ तो म्हणाला. हजेरीकार्डं गेली, नेमणूकपत्र कधी मिळालंच नाही. मग मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. 2014 मध्ये यूएएन, म्हणजे मालक बदलला तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, आला, म्हणून त्यात एकाखाली एक तीन ठेकेदार दिसले, महिन्यावार हप्त्यांसकट. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाने कुठे काम केलं, याचा एवढाच लेखी पुरावा. प्रत्येक खातं वेगळं काढून घेतलं की सेवेचे तुकडे पडतात. खाती जोडली आणि सेवा दहा वर्षं भरली, तर 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो. तो पैसे काढायच्या तयारीनेच आला होता. भाऊंनी त्याला आधी खाती जोडायला लावली.

ईएसआयचा हप्ता कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे मिळतात, जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. मात्र आधीची दोन वर्षं विमा असावा लागतो आणि हप्त्याच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचा हप्ता भरलेला असण्याची अट आहे. राजीनामा लिहून घेतलेला असेल, तर तिथेच अडतं.

रोजगाराच्या महास्वयम पोर्टलवर या दुसऱ्याची नोंदणी करताना शिक्षणाच्या रकान्यात ‘नववी’ भरलं. भट्टीचं तोंड कधी फोडायचं, धातुमळीचा रंग पाहून काय समजायचं, हे भरायला रकाना नव्हता. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात आधीच्या कौशल्याला मान्यता देणाऱ्या चाचणीबद्दल विचारायचं ठरलं. भाऊंची नजर मात्र उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांवर होती. तिथे तुसावर बॉयलर चालतो, आग ओळखणारा माणूस लागतो. पण तिथे काम मागायचं तर अनुभवाचा दाखला हवा. पहिल्या दोन ठेकेदारांचे नंबर मिळाले. तिसरा फोन उचलत नव्हता, म्हणून त्याच्या नावाने रजिस्टर एडीचं पाकीट तयार झालं, सोबत पासबुकाची पानं जोडून.